कोल्हापूरजवळच्या १८ होलच्या मैदानाने व्यावसायिक गोल्फ स्पर्धा घ्यावी का?

प्रश्न असा आहे. कोल्हापूरच्या आसपास माळावर १८ होलचे एक गोल्फ मैदान आहे असे धरू. जमीन मुरमाड, वर जेमतेम १५ सेंटीमीटर आणून टाकलेली माती, गवत बर्म्युडा, पाणी नदीवरून उचलून तळ्यात साठवलेले. सभासद सुमारे ४००. सोमवार ते शुक्रवार रोज ४५ जण खेळतात आणि शनिवार-रविवारी ११०, म्हणजे आठवड्याला ४४५ फेऱ्या. एका फेरीमागे क्लबच्या हातात सरासरी ९०० रुपये पडतात. या क्लबपुढे देशांतर्गत व्यावसायिक मालिकेतील एक स्पर्धा भरवण्याचा प्रस्ताव आला आहे. बक्षिसाची रक्कम मुख्य प्रायोजक देणार, मैदान क्लबने द्यायचे. होकार द्यावा का?

मैदान नमुन्याचे आहे आणि रुपयांचे आकडे हिशेब मांडण्यासाठी गृहीत धरले आहेत. ते प्रत्येक क्लबने आपापल्या वहीतून बदलून घ्यावेत. गवत, पाणी, सूर्यप्रकाश आणि खेळाचे वेळापत्रक यांचे गणित मात्र कोणत्याही क्लबला चुकवता येत नाही, आणि बहुतेक समित्या नेमके तेच सोडून बक्षिसाच्या रकमेवर चर्चा करत बसतात.

स्पर्धा म्हणजे नेमके काय येते

प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया म्हणजे पीजीटीआय ही देशातली मुख्य पुरुष मालिका २००६ पासून चालू आहे. तिच्या नेहमीच्या स्पर्धेत चार दिवसांत ७२ होल खेळले जातात. दोन फेऱ्यांनंतर कट लागतो आणि पहिले ५० व त्यांच्या बरोबरीचे खेळाडू पुढे जातात. अलीकडच्या वर्षांत मुख्य मालिकेतल्या बऱ्याच स्पर्धांची बक्षीस रक्कम १ कोटी रुपये असते. भरगच्च स्पर्धेत १२६ खेळाडू धरावेत. त्यांच्यासोबत तितकेच कॅडी, पंच, गुणलेखक, चित्रीकरणाची माणसे आणि स्वयंसेवक. जेवणाच्या पंगतीचा अंदाज ३५०.

१२६ खेळाडू म्हणजे तिघा-तिघांचे ४२ गट. ते एकाच टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून, सोडले तर दिवस पुरत नाही. म्हणून १ आणि १० या दोन्ही टींवरून एकाच वेळी, सकाळ-दुपार अशा दोन तुकड्यांत सोडतात. प्रत्येक टीवर सकाळी ११ आणि दुपारी १० गट. दोन गटांत ११ मिनिटांचे अंतर आणि नऊ होलला सव्वादोन तास धरा. पहिला गट ६.५० ला निघाला तर सकाळचा शेवटचा गट ८.४० ला निघतो आणि १०.५५ ला दुसऱ्या नऊ होलच्या टीवर येतो. तो गेल्याशिवाय दुपारची तुकडी सोडता येत नाही, म्हणून ती ११.१० ला सुरू होते आणि तिचा शेवटचा गट १२.४९ ला निघतो. साडेचार तासांनी ५.१९. नियमांवरचा एखादा वाद, हरवलेले चेंडू, संथ खेळणारा एखादा गट, यांत २० मिनिटे सहज जातात, म्हणजे ५.४०.

नोव्हेंबरच्या मध्यावर कोल्हापुरात सूर्य ५.५८ च्या सुमारास मावळतो. म्हणजे हातात फक्त १८ मिनिटे. सकाळी धुक्याने अर्धा तास गेला की शेवटचे गट अंधारात अडकतात आणि उरलेले होल दुसऱ्या दिवशी पहाटे खेळवावे लागतात. मग ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा, कापायची वेळ जाते, दुसरा दिवसही उशिरा सुरू होतो आणि ही घसरण कट लागेपर्यंत थांबत नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्योदय सातला पाच-एक मिनिटे असताना आणि सूर्यास्त साडेसहाच्या पुढे असतो. उजेडाची एकूण २०-२२ मिनिटेच वाढतात, पण ती संध्याकाळच्या बाजूला मिळतात आणि तिथेच त्यांची गरज असते.

तारीख गवताला विचारून घ्या

बर्म्युडा हे उष्ण हवेचे गवत. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की त्याची वाढ मंदावते. कोल्हापूरचा हिवाळा सौम्य असल्याने ते पूर्ण झोपी जात नाही, त्यामुळे उत्तरेकडच्या मैदानांसारखे वरून रायगवत हे थंडीतले गवत पेरण्याची इथे गरज नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पडलेली जखम भरायला दुप्पट वेळ लागतो.

म्हणून नोव्हेंबर दिसायला उत्तम असतो. परतीचा पाऊस संपलेला असतो, मैदान हिरवेगार, तळे भरलेले. स्पर्धेपुरते ते खरेच उत्तम. पण स्पर्धेत उखडलेले गवत थंडीपर्यंत सावरत नाही आणि सभासद फेब्रुवारीपर्यंत वाळूने बुजवलेल्या खड्ड्यांतून खेळतात. तक्रारी तिथून सुरू होतात. शिवाय नोव्हेंबरात शहराचाही ताण असतो. ९ ते ११ नोव्हेंबरला अंबाबाईचा किरणोत्सव, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, त्यामुळे हॉटेलच्या खोल्या महाग आणि दुर्मीळ. गळीत हंगाम सुरू झालेला, म्हणून पहाटे कामाला येणारी माणसे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकतात आणि हंगामी मजूर आधीच उसात गेलेला असतो.

मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलमध्ये गवत झपाट्याने भरते, पण पाणी नसते. नदीची पातळी खालावली की उपसाबंदी लागते, आणि अशा वेळी शेजारच्या उसाला पाणी नसताना गोल्फचे फवारे चालू दिसणे कोणत्याही क्लबला परवडणार नाही. ते योग्यही नाही.

उरतो फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. स्पर्धा संपताच हवा तापू लागते, जखमा तीन-चार आठवड्यांत भरतात. अट एकच, त्या आठवड्यांचे पाणी आधीच तळ्यात असले पाहिजे. हिशेब सोपा आहे: एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. सिंचनाखाली २५ हेक्टर आणि मार्चमध्ये रोजची गरज ६ मिलिमीटर धरली, तर दिवसाला १५ लाख लिटर. ३० दिवसांचे साडेचार कोटी. दीड हेक्टर पसाऱ्याच्या तळ्यात वापरण्याजोगे ३ मीटर पाणी असेल तर तितके बसते, बाष्पीभवनाची तूट वेगळी. मार्चच्या सुरुवातीला तळे या पातळीवर असेल याची खात्री नसेल, तर बाकीची चर्चा करायचे कारण नाही.

तारीख मात्र क्लब एकटा ठरवत नाही. मालिकेचे वेळापत्रक असते आणि यजमानाला बहुधा दोन-तीन पर्याय दिले जातात. त्यांत फेब्रुवारी नसेल तर एक वर्ष थांबावे.

ग्रीन: सगळा लौकिक एका हेक्टरवर

प्रत्येकी सुमारे ५०० चौरस मीटरच्या १८ ग्रीन, सराव ग्रीन आणि रोपवाटिका मिळून साधारण १ हेक्टर होते. खेळाडूंचे मत या हेक्टरवर बनते.

रोजच्या खेळासाठी गवत ४.५ मिलिमीटरवर कापले जात असेल तर स्पर्धेला ३.२ च्या आसपास आणावे लागते. ते एकदम आणता येत नाही. दर चार-पाच दिवसांनी ०.३ मिलिमीटर खाली यायचे, म्हणजे किमान तीन आठवडे. घाई केली की पाते निघून जाऊन खालचे तपकिरी देठ उघडे पडतात, ऊन थेट जमिनीला लागते, ओलसर जागी शेवाळ धरते. ते दुरुस्त करायला स्पर्धेआधी वेळ उरलेला नसतो. याच काळात नत्र कमी ठेवायचे, पण बंद करायचे नाही. भुकेल्या गवताला डॉलर स्पॉट ही बुरशी लवकर लागते.

समिती नेहमी विचारते, ग्रीनचा वेग किती ठेवायचा? स्टिम्पमीटरवर, म्हणजे वेग मोजायच्या उतरत्या पट्टीवरून सोडलेला, चेंडू रोज ८ फूट जात असेल तर स्पर्धेला साडेनऊ ते १० पुरे. ११ चा हट्ट धरू नये. जुन्या मैदानांच्या ग्रीनना उतार जास्त असतो. जिथे उतार ३ टक्क्यांहून अधिक, तिथे १० च्या वर गेल्यावर चेंडू होलजवळ थांबेनासा होतो आणि ती जागा पिनसाठी, म्हणजे होल खोदून झेंडा लावायला, बाद होते. चार फेऱ्या, सराव आणि प्रो-ॲम (व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंच्या मिश्र संघांचा दिवस) यांसाठी प्रत्येक ग्रीनवर पाच-सहा ताज्या जागा लागतात, त्याही कडेपासून चार-पाच पावले आत. ५०० चौरस मीटरमधला बराच भाग उतारात आणि कडेला जातो. म्हणून मालिकेच्या पंचाला दोन महिने आधी बोलावून पिनच्या जागा नकाशावर ठरवाव्यात आणि शेवटचे दोन आठवडे सभासदांचे होल त्या जागांपासून लांब खोदावेत. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. जुने होल बुजवणारी गुडदी एक-दोन मिलिमीटर जरी वर राहिली तरी यंत्र ती सोलून काढते आणि पांढरट गोल डाग पडतो.

वाळूबाबत कोल्हापूरला एक सोय आहे आणि एक धोका. ग्रीनवर १ मिलिमीटर वाळूचा हात द्यायचा तर एका हेक्टरला १० घनमीटर, म्हणजे सुमारे १६ टन लागते. असे दोन हात द्यायचे, शेवटचा स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर दिला तर खडे यंत्राच्या पात्यांत जाऊन धार बोथट होते आणि गवत कापण्याऐवजी ओरबाडले जाते. नदीची वाळू मिळत नाही म्हणून कोणी दगडाची क्रश सँड सुचवेल. ती नाकारावी. तिच्यातली भुकटी ग्रीनचे छिद्र बुजवते आणि पाणी वर साचू लागते. सिंधुदुर्गातली धुतलेली सिलिका वाळू कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांच्या नेहमीच्या वापरातली आहे. तिचा पाव ते १ मिलिमीटर दाण्याचा माल ग्रीनला योग्य. मात्र कोरीच घ्यायची. फौंड्रीतून बाहेर पडलेली वापरलेली वाळू फुकट मिळते म्हणून उचलू नये, तिच्यात बेंटोनाइट किंवा रेझिन आणि धातूचे कण असतात.

स्पर्धेच्या दिवसांत हे सगळे पहाटे चालते. हाताने चालवायच्या यंत्राने एका ग्रीनला आडवी-उभी अशी दोनदा कापणी करायला, जाण्या-येण्यासह पाऊण तास धरावा. ६ यंत्रे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३ ग्रीन, म्हणजे सव्वादोन तास. खेळ दोन टींवरून सुरू होत असल्याने तीन यंत्रे १ पासून आणि तीन १० पासून पुढे सरकतात. पावणेपाचला बॅटरीच्या दिव्यांवर काम सुरू झाले तर खेळ मागे लागत नाही. क्लबकडे २ यंत्रे असतात. उरलेल्या ४ चा प्रश्न पुढे हिशेबात येतो.

घाईने तयार केलेली किंवा जागेला न मानवणारी ग्रीन मोठ्या मैदानांनाही महागात पडली आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातले चेंबर्स बे हे पिअर्स काउंटीच्या मालकीचे मैदान २००७ मध्ये जुन्या खडीच्या खाणीवर उभे राहिले आणि २०१५ मध्ये तिथे यूएस ओपन झाली. ग्रीनवर फेस्क्यू गवत होते, त्यात पोआ अॅनुआ हे दुसरे गवत पसरले. दोन्हींची वाढ वेगळी, त्यामुळे दुपारपर्यंत पृष्ठभाग खडबडीत होई आणि चेंडू उड्या मारी. खेळाडूंनी उघड टीका केली आणि जॉर्डन स्पीथच्या विजयाइतकीच चर्चा ग्रीनची झाली. पुढे काउंटीने सगळ्या ग्रीनचे गवत बदलून पोआ अॅनुआच लावले. स्पर्धा मैदानाचे नाव जगभर नेते, पण मैदान त्या आठवड्यात जसे असेल तसेच नेते.

जिथे खरी झीज होते

ग्रीनकडे सर्वांचे लक्ष असते, झीज मात्र टी आणि सरावपट्टीवर होते. एका पार-३ (तीन फटक्यांच्या) होलच्या टीवर कट धरून चार फेऱ्यांत साधारण ३६० फटके. आयर्न म्हणजे लोखंडी पात्याच्या काठीने मारताना एका फटक्यात हाताच्या तळव्याहून थोडा मोठा तुकडा उडतो, म्हणजे जवळपास ६ चौरस मीटर गवत केवळ सामन्यांत जाते. सराव आणि प्रो-ॲम वेगळे. आकड्याने थोडे वाटते, पण सगळे टीच्या एकाच अरुंद पट्ट्यातून जाते. रोज टीची खूण किमान ३ मीटर हलवावी लागते आणि स्पर्धेनंतर तो पट्टा रोपवाटिकेतल्या गवताच्या चटयांनी बदलावा लागतो. ५०० चौरस मीटरची रोपवाटिका आठ महिने आधी लावलेली नसेल तर त्या वेळी चटई कुठून आणणार?

सरावपट्टीवर याच्या कितीतरी पट हानी होते, कारण प्रत्येक खेळाडू दिवसाला ५०-६० चेंडू मारतो. रोज नवी पट्टी उघडायची, जुनी दोरीने बंद करायची. लांबी २८० यार्डांहून कमी असेल तर मालिकेचे लोक जाळी मागतील किंवा लांब पल्ल्याच्या काठीने सराव करायला बंदी घालतील.

मुरमाड माळाची स्वतंत्र अडचण फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर, येते. व्यावसायिकांचे चेंडू २७० ते ३०० यार्डांच्या त्याच त्या पट्ट्यात पडतात. तिथे मातीचा थर पातळ असेल तर फटक्यासोबत खडा निघतो, काठीची कड तुटते, मनगट दुखावते. स्पर्धेआधी प्रत्येक होलच्या या पट्ट्यात सळईने दर पाच मीटरवर खोली तपासावी. १० सेंटीमीटरखाली सळई अडली तर ती जागा पावसाळ्याआधीच उघडून माती भरावी लागते. पावसाळ्यात गवत ती जागा झाकून टाकते. यासाठी निर्णय स्पर्धेच्या किमान १० महिने आधी व्हायला हवा.

बंकर म्हणजे वाळूच्या खड्ड्यांसाठी तळाला १० सेंटीमीटर आणि उतारावर ५ सेंटीमीटर वाळू, ती सर्व बंकरमध्ये एकाच जातीची.

पैसा

खासबागेत कुस्तीचे मैदान भरले की तिकिटाला रांग लागते, शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या अंतिम सामन्याला पेठाच्या पेठा लोटतात. गोल्फकडून ती अपेक्षा ठेवू नये. देशांतर्गत गोल्फ स्पर्धेत तिकिटाचे उत्पन्न जवळपास नसतेच. पैसा प्रायोजकाकडून येतो आणि प्रायोजक मुख्यतः प्रो-ॲमसाठी येतो, म्हणजे एक व्यावसायिक आणि तीन हौशी खेळाडू यांच्या संघांच्या एका दिवसासाठी. कोल्हापुरात याला अर्थ आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांची कास्टिंग आणि सुटे भाग वाहन कंपन्यांकडे जातात. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या खरेदीप्रमुखासोबत चार-पाच तास निवांत चालायला मिळणे, ही त्या कारखानदाराच्या दृष्टीने फलकावरच्या नावापेक्षा मोलाची गोष्ट. म्हणून प्रो-ॲमच्या जागा कोण विकणार, हा करारातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आयोजक तो हक्क गृहीत धरून स्वतःकडे ठेवतात आणि क्लबच्या समित्या विचारतही नाहीत.

आधी जाणारा पैसा. मैदान ७ दिवस पूर्ण बंद: ४४५ फेऱ्या, ४ लाख रुपये. आधीचे तीन आठवडे चटईवरून खेळ, काही होल बंद, त्यामुळे ३० टक्के घट: ३ लाख ६० हजार. नंतरचे दोन आठवडे २० टक्के घट: १ लाख ६० हजार. बुडालेले उत्पन्न एकूण ९ लाख २० हजार. जादा २५ माणसे, ३० दिवस, ६०० रुपये रोज: साडेचार लाख. खत, बुरशीनाशक वगैरे ३ लाख. ग्रीनची ३२ टन वाळू, टनाला २५०० रुपये पोहोच: ८० हजार. पंच आणि अधिकाऱ्यांच्या १२ खोल्या ८ रात्री, ३ हजारांनी: जवळपास २ लाख ९० हजार. बेरीज २० लाख ४० हजार. तंबू, जनरेटर, रुग्णवाहिका, सुरक्षा हे सर्व आयोजकाकडे आहे असे धरले आहे. ते करारात स्पष्ट नसेल तर क्लबच्या गळ्यात पडते.

येणारा पैसा. यजमान शुल्क १० लाख. प्रो-ॲमचे २० संघ प्रत्येकी ६० हजारांनी १२ लाख, त्यातले निम्मे क्लबला, म्हणजे ६ लाख. ३५० माणसे, ६ दिवस, माणशी ४०० रुपयांचे खाणे, त्यात ३० टक्के शिल्लक: सुमारे अडीच लाख. बेरीज साडेअठरा लाख.

तूट १ लाख ९० हजार. म्हणजे आठवड्याचा व्यवहार जवळपास बरोबरीत सुटतो. शुल्क १२ लाख मिळाले तर तूट भरून निघते. प्रो-ॲम पूर्ण क्लबकडे आला तर ४ लाखांवर शिल्लक राहते. आणि प्रो-ॲम पूर्णपणे आयोजकाकडे गेला तर तूट ८ लाखांच्या घरात. बक्षीस १ कोटी असो वा ५० लाख, क्लबच्या या हिशेबात एक रुपयाचा फरक पडत नाही.

आता टिकणारी खरेदी. ४ ग्रीन यंत्रे प्रत्येकी ८ लाखांची: ३२ लाख. ४० बंकरांत, प्रत्येकी १०० चौरस मीटरवर ५ सेंटीमीटर नवी वाळू: ३२० टन, ८ लाख. पंपाचा नियंत्रण संच ६ लाख. एकूण ४६ लाख. स्पर्धेच्या उत्साहात हा खर्च मंजूर होतो आणि पुढे "स्पर्धेने क्लब बुडवला" असे म्हटले जाते. दोन्ही वेळा गल्लत तीच. प्रत्येक वस्तूसमोर एकच प्रश्न लिहावा: स्पर्धा नसती तर पुढच्या तीन वर्षांत ही घेतली असती का? बंकरची वाळू आणि पंप संच घेतलाच असता, तर ते १४ लाख स्पर्धेच्या खात्यात धरू नयेत. ४ जादा यंत्रांची मात्र रोजच्या कामाला गरज नाही. ती दुसऱ्या क्लबकडून आठवड्यासाठी भाड्याने आणावीत. न मिळाल्यास मालिकेकडून एकदाच कापणी मान्य करून घ्यावी. मग वेळ निम्म्यावर येतो आणि ३-४ यंत्रांत भागते.

स्पर्धेमुळे पाहुणे वाढतील आणि त्यातून सगळे वसूल होईल, हा युक्तिवाद हमखास येतो. तोही आकड्यात घालून पाहावा. ४६ लाख पाच वर्षांत फेडायचे आणि बाहेरच्या पाहुण्याकडून फेरीला २५०० रुपये मिळतात असे धरले तर एकूण १८४० फेऱ्या, वर्षाला ३६८, आठवड्याला ७. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या शहरासाठी आठवड्याला ७ पाहुणे अशक्य नाहीत. पण ते पाच वर्षे सलग यायचे तर शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळा त्यांना द्याव्या लागतील आणि त्याच वेळा सभासदांना हव्या असतात. अमेरिकेत सॅन डिएगो शहराच्या मालकीचे टॉरी पाइन्स २००८ च्या यूएस ओपननंतर बाहेरच्या लोकांकडून भरपूर दर घेऊ शकते, कारण ते सार्वजनिक मैदान आहे आणि शहरातल्या रहिवाशांसाठी दर वेगळे ठेवलेले आहेत. सभासदांच्या क्लबला तो मार्ग तसाच उचलता येत नाही.

आमचा निर्णय

या नमुन्याच्या क्लबने पहिल्याच वर्षी १२६ खेळाडूंची स्पर्धा घेऊ नये. ७८ खेळाडूंची, तीन फेऱ्यांची, दुय्यम दर्जाची स्पर्धा मागावी. ७८ हा आकडा हवेतून आलेला नाही. ७८ म्हणजे २६ गट, प्रत्येक टीवर १३. पहिला ७ वाजता निघाला तर तेरावा ९.१२ ला निघतो, आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केलेला पहिला गट ९.१५ ला त्या टीवर पोहोचतो. सगळे एकाच तुकडीत बसतात, पावणेदोनपर्यंत खेळ संपतो. दुपार पाणी द्यायला, डिव्हट (फटक्याने उखडलेल्या जागा) भरायला मोकळी. अंधाराची भीती नाही.

हिशेबही लहान होतो. मंगळवारी सराव, बुधवार ते शुक्रवार खेळ, शनिवारी अर्धा दिवस प्रो-ॲम. बुडालेले उत्पन्न, आधी-नंतरची घट धरून, सुमारे ४ लाख ३० हजार. जादा १२ माणसे २० दिवस, १ लाख ४४ हजार. औषध-खत २ लाख, वाळू ८० हजार, खोल्या ९० हजार. मिळून साडेनऊ लाखांच्या आत. यजमान शुल्क ४ लाख, खाण्यातून १ लाख आणि प्रो-ॲमचे १५ संघ ४० हजारांनी ६ लाख. प्रो-ॲम पूर्ण क्लबकडे ठेवला तर दीड लाख उरतात, निम्मा दिला तर तितकीच तूट. लहान स्पर्धेच्या आयोजकाकडून प्रो-ॲम मिळवणे सोपे असते, कारण त्याला तो स्थानिक ओळखींशिवाय विकता येत नाही.

यातून क्लबला पैशापेक्षा माहिती मिळते: कोणती ग्रीन ३.२ मिलिमीटरला टिकते, कुठे पाणी साचते, पहाटे पावणेपाचला किती माणसे खरोखर हजर राहतात. मोठ्या स्पर्धेचा प्रस्ताव पुन्हा आला तर तो या नोंदींवर तोलावा.

करार लहान स्पर्धेचा असला तरी त्यात काही कलमे हवीतच. यजमान शुल्क जीएसटी वगळून, अर्धे तारीख ठरताना आणि उरलेले स्पर्धेच्या ३० दिवस आधी. मैदानाच्या दुरुस्तीसाठी वेगळी अनामत, कारण चित्रीकरणाची गाडी ओल्या फेअरवेवर एकदा रुतली की आठवड्यांचे काम वाढते. गाड्यांचे मार्ग नकाशावर आखलेले, आणि फेअरवे ओलांडायचा तिथे लोखंडी पत्रे आयोजकाने अंथरायचे. वीज चमकू लागली की खेळ थांबवण्याचा अधिकार पंचांचा, पण खेळाडूंना आत आणणाऱ्या गाड्या कोणाच्या, हे नावानिशी. आणि स्पर्धेच्या १५ दिवस आधी तळ्याची पातळी ठरलेल्या खुणेखाली असेल तर क्लबला दंडाशिवाय माघार घेता यावी. या शेवटच्या कलमाला आयोजक विरोध करतील. कलम मान्य होत नसेल तर सही करू नये.